पास्काचा चंद्र आणि यहुद्यांचे सण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा चालकांनीं आम्हांस केली, तेव्हां प्रथम आमच्या मनांत आलें कीं, धर्मग्रामाचा इतिहास सांगणारी वडील मंडळी येथें पुष्कळ आहे; तिच्यापुढें तो आम्ही काय सांगावा? म्हणून आम्ही या महोत्सवाच्या नांवाकडेच वळलों. आपण ज्यास ‘जुबिली’ म्हणतों तो शब्द मूळचा इंग्रजीही नाहीं आणि पोर्तुगीजही नाहीं. तो इब्री भाषेंतील ‘योबेल’ या शब्दापासून आला आहे. योबेल म्हणजे मेंढ्याचें शिंग. सात वेळां सात वर्षें लोटलीं कीं, पन्नासाव्या वर्षीं इस्राएल लोकांनीं शिंग फुंकून सर्व देशांत मोकळीक जाहीर करावी, विकलेली शेती मूळ घराण्यास परत द्यावी, आणि दास झालेल्या भाऊबंदांस आपापल्या घरीं जाऊं द्यावें, अशी आज्ञा लेवीय नामक ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत आहे.

तेव्हां आज आपण जो सोहळा करीत आहों त्याचें नांवच यहुदी आहे. हा विचार मनांत येतांच त्याच्या पाठोपाठ दुसरा आला. आपल्या सर्व सणांचा मुकुटमणि जो पास्काचा सण, त्याचें नांवही यहुदीच नाहीं काय? इब्री ‘पेसाह’ पासून अरामी ‘पास्खा’ झाला. तोच ग्रीक व लॅटिन भाषांत गेला. त्यांतून पोर्तुगीज भाषेंत आला, आणि मिशनरी पाद्रींच्या तोंडून तो आपल्या पूर्वजांच्या घरांत शिरला. इंग्रजी शिकलेलीं आपलीं मुलें ‘ईस्टर’ म्हणतात, त्यास आमची हरकत नाहीं. परंतु आजीच्या तोंडचा ‘पास्का’ हा शब्दच अधिक जुना, आणि सणाचें मूळ सांगणाराही तोच.

नांवाप्रमाणेंच या सणाची तिथिही यहुद्यांकडूनच आली आहे. दरवर्षीं उपवासकाळ तोंडाशीं आला कीं घरोघर एकच प्रश्न निघतो: यंदा पास्का कधीं? नाताळाविषयीं असें कोणास विचारावें लागत नाहीं. तो पंचवीस डिसेंबरास नेमलेला आहे. पास्का मात्र कधीं मार्चअखेर येतो, कधीं एप्रिल सरत आल्यावर. १८१८ सालीं तो २२ मार्च रोजीं आला. त्याहून लवकर तो येऊं शकत नाहीं. १९४३ सालीं तो २५ एप्रिल रोजीं आला. त्याहून उशिरां तो येऊं शकत नाहीं. या पस्तीस दिवसांच्या आंत तो फिरत राहतो, आणि त्याच्या मागोमाग राखेचा बुधवार, झावळ्यांचा रविवार, प्रभूचें स्वर्गारोहण व पेंटेकॉस्ट हे सारे फिरतात. असें कां व्हावें? या साध्या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेल्यास आपणांस प्रथम जेरुसलेमास, आणि तेथून मिसर देशापर्यंत जावें लागतें.

निर्गम ग्रंथाच्या बाराव्या अध्यायांतील कथा आपणां सर्वांस माहीत आहे. इस्राएल लोक मिसरांत फारोच्या दास्यांत होते. सुटकेच्या रात्रीं काय करावें हें परमेश्वरानें मोशेच्या द्वारें सांगितलें. वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या दहाव्या दिवशीं प्रत्येक घरानें निर्दोष कोंकरूं निवडावें. चौदाव्या दिवशीं तिन्हीसांजेस तें वधावें. त्याचें रक्त दाराच्या चौकटीस लावावें. आणि त्याचें मांस विस्तवावर भाजून, बेखमीर भाकरी व कडू भाजी यांसह, कमर बांधून व काठी हातांत धरून घाईनें खावें. त्या रात्रीं मृत्यूनें जेथें जेथें रक्त पाहिलें तीं घरें ओलांडलीं. म्हणून या सणास वल्हांडण म्हणतात. त्यास लागून सात दिवस बेखमीर भाकरीचा सण चालतो, आणि त्या दिवसांत यहुदी घरांत खमीर औषधालाही सांपडत नाहीं.

आतां हा ‘चौदावा दिवस’ म्हणजे काय तें पाहूं. यहुद्यांचे महिने चंद्राचे आहेत. अमावास्या सरून चंद्राची कोर दिसली कीं महिना लागतो. पहिल्या, म्हणजे निसान महिन्याचा चौदावा दिवस मावळला कीं पौर्णिमेची रात्र येते. त्यांचा दिवसही मध्यरात्रीं नव्हे, तर सूर्यास्तास सुरू होतो. मराठी बोलणाऱ्या मंडळीस हें फारसें समजावून सांगावें लागूं नये. तिथि, पौर्णिमा व अधिक मास हे शब्द आपण शेजाऱ्यांच्या पंचांगामुळें लहानपणापासून ऐकत आलों आहों. चंद्राचें वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें. तें सूर्याच्या वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं तोकडें पडतें. तें तसेंच चालूं दिलें तर आज वसंतांत आलेला सण कांहीं वर्षांनीं ऐन थंडींत येईल. वल्हांडण तर वसंतांतच, जव पिकण्याच्या वेळीं, झाला पाहिजे. म्हणून हिंदु पंचांगांत जसा अधिक मास धरतात, तसे यहुदीही कांहीं वर्षीं निसानच्या आधींचा अदार महिना दोनदां धरतात. जुन्या काळीं शेतांतील जव कितपत तयार झाला आहे हें पाहून त्यांचे शास्त्री हा निर्णय देत. पुढें गणित बसवून एकोणीस वर्षांत सात अधिक महिने हा नियम कायम झाला.

या व्यवस्थेमुळें यहुद्यांचा वल्हांडण व आपल्याकडील चैत्री पौर्णिमा पुष्कळदां एकाच सुमारास येतात. २०२५ सालीं १२ एप्रिल रोजीं आपले हिंदु शेजारी हनुमान जयंति पाळीत होते. त्याच दिवशीं सूर्य मावळल्यावर जगभरचे यहुदी वल्हांडणाच्या भोजनास बसले.

वल्हांडणाशीं आणखी दोन गोष्टी जोडलेल्या आहेत. लेवीय ग्रंथाचा तेविसावा अध्याय सांगतो कीं, त्या सणाच्या दिवसांत शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशीं नव्या पिकाची पहिली पेंढी याजकानें परमेश्वरापुढें ओवाळावी. आणि तेथून सात आठवडे मोजून पन्नासाव्या दिवशीं सप्तकांचा सण पाळावा. तो गव्हाच्या हंगामाचा सण. ‘पन्नासावा’ यास ग्रीक भाषेंत जो शब्द आहे, तोच आपला पेंटेकॉस्ट. आतां हें सारें प्रभु येशूच्या चरित्राशेजारीं ठेवून पाहा. वल्हांडणाच्या कोंकराच्या वेळीं त्याचें रक्त सांडलें. शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशीं तो मेलेल्यांतून उठला. पन्नासाव्या दिवशीं पवित्र आत्मा उतरला. संत पौल करिंथकरांस लिहितांना ख्रिस्तास आपला वल्हांडणाचा यज्ञ म्हणतात, आणि त्याच पत्रांत मेलेल्यांतील प्रथमफळही म्हणतात. कोंकरूं आणि पहिली पेंढी! पौलांनीं हे दाखले कोठून दुरून आणलेले नाहींत. सणाच्या त्या आठवड्यांत जेरुसलेमांत जें डोळ्यांपुढें चाले तेंच त्यांनीं सांगितलें. पास्कापासून पेंटेकॉस्टपर्यंत आपण जे पन्नास दिवस मोजतों, ते प्रथम इस्राएलच्या शेतांत मोजलेले दिवस आहेत.

चारही शुभवर्तमानकार एकमुखानें सांगतात कीं, प्रभूचें मरण शुक्रवारीं झालें, आणि सप्ताहाच्या पहिल्या दिवशीं कबर रिकामी सांपडली. मात्र तो शुक्रवार निसानचा कितवा दिवस, याविषयीं एक जुना प्रश्न आहे. मत्तय, मार्क व लूक यांच्या वर्णनावरून शेवटलें भोजन हें वल्हांडणाचेंच भोजन होतें. म्हणजे शुक्रवार पंधरावा ठरतो. संत योहानाच्या वर्णनावरून, प्रभूस पिलाताकडे नेणाऱ्यांचें वल्हांडणाचें जेवण अजून व्हावयाचें होतें. म्हणजे शुक्रवार चौदावा ठरतो, आणि मंदिरांत कोंकरें वधण्याचा जो दिवस त्याच दिवशीं कालवारीवर देवाचें कोंकरूं मरण पावलें असें होतें. विद्वानांचा हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. परंतु दोहोंपैकीं कोणताही हिशेब धरला तरी तो शुक्रवार पौर्णिमेस लागूनच होता. म्हणूनच क्रूसाच्या वेळीं पडलेला अंधार हें साधें सूर्यग्रहण नव्हे, हें प्राचीन ख्रिस्ती लेखकांनींही ओळखलें होतें. कारण सूर्यग्रहण अमावास्येस होतें, पौर्णिमेस कधींच होत नाहीं. आपले समुद्रकांठचे बांधव हें पुस्तकावांचून जाणतात. पवित्र सप्ताहांत उधाणाची भरती असते, आणि पवित्र गुरुवारीं रात्रीं आराधनेहून परततांना वाटेवर बहुधा चांदणें असतें, तें याच कारणानें.

यावरून पुढें एक बिकट प्रश्न उभा राहिला. सण पाळावयाचा तो तिथीनें कीं वारानें? आशिया मायनरमधील मंडळ्या निसानची चौदावी तिथि पाळीत, मग वार कोणताही असो. रोम व इतर पुष्कळ ठिकाणच्या मंडळ्या म्हणत कीं, प्रभु रविवारीं उठला, तेव्हां सण रविवारींच झाला पाहिजे. दोन्ही पक्ष ख्रिस्तावर सारखेच प्रेम करणारे. दोघांजवळही वडिलांची परंपरा.

सुमारें १५५ सालीं स्मुर्णा नगरीचे वयोवृद्ध बिशप संत पॉलिकार्प रोमास आले. परमगुरु अनिसेट यांनीं त्यांस रविवार पाळण्यास वळविण्याचा यत्न केला. पॉलिकार्प यांचें म्हणणें असें कीं, प्रभूचा शिष्य योहान व इतर प्रेषित यांच्या सहवासांत जें पाळलें तें आपणांस सोडवत नाहीं. अनिसेट यांचें म्हणणें असें कीं, आपल्या पूर्वींच्या धर्मवडिलांची चाल आपणांस मोडवत नाहीं. दोघांपैकीं एकही वळला नाहीं. मग काय झालें? परमगुरूंनीं आपल्या मंडळींत मिस्साबलिदान अर्पण करण्याचा मान पॉलिकार्प यांस दिला, आणि दोघांनीं शांतीनें एकमेकांचा निरोप घेतला. बंधुभगिनींनो, पास्काच्या तिथीविषयीं दुसरें कांहीं विसरलांत तरी हें विसरूं नका.

कारण पुढच्या पिढींत तें विसरलें जाण्याची वेळ आली. सुमारें १९० सालीं परमगुरु व्हिक्टर यांनीं रविवार न पाळणाऱ्या आशियाच्या मंडळ्यांस ऐक्यांतून तोडण्याचें मनांत आणलें. इफिसचे बिशप पॉलिक्रेटिस यांनीं उलट कळविलें कीं, आपल्या कुळांत सात बिशप होऊन गेले व आपण आठवे. ज्या भूमींत प्रेषितांच्या कबरी आहेत तेथील चाल आपण मोडणार नाहीं. प्रकरण चिघळणार, इतक्यांत गॉल देशांतील लियॉनचे बिशप संत आयरेनियस मध्यें पडले. ते स्वतः रविवार पाळणारे; परंतु बालपणीं त्यांनीं पॉलिकार्प यांच्या तोंडून उपदेश ऐकला होता. त्यांनीं परमगुरूंस आदरानें, पण स्पष्टपणें लिहिलें कीं, तिथि निराळी म्हणून बंधु परके होत नाहींत. उपवासाच्या रीतींत भेद असूनही शांति राहते, यावरून तर श्रद्धा एकच असल्याचें अधिक ठसतें. त्यांनीं अनिसेट व पॉलिकार्प यांच्या भेटीचा दाखला दिला. आयरेनियस या नांवाचाच अर्थ शांतीचा माणूस असा आहे. २०२२ सालीं परमगुरु फ्रान्सिस यांनीं त्यांस ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केलें, आणि ‘ऐक्याचे आचार्य’ अशी पदवी दिली. ती किती यथार्थ आहे हें निराळें सांगावयास नको.

अखेर रविवारची चाल सर्वत्र रूढ झाली. पण कोणता रविवार? पूर्वेकडील कांहीं मंडळ्या, यहुद्यांनीं वल्हांडण केव्हां धरला आहे हें पाहून त्यापुढचा रविवार घेत. अलेक्झांड्रियाचे पंडित म्हणत कीं, हल्लींचे यहुदी कधीं कधीं वसंतसंपाताच्या आधींच वल्हांडण करतात, तेव्हां आपण आपलें गणित स्वतः करावें. वसंतसंपात म्हणजे वसंतऋतूंत दिवस व रात्र समान होतात तो दिवस. ३२५ सालीं निकेया येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें ठरविलें कीं, सर्व मंडळ्यांनीं पास्का एकाच रविवारीं, रोम व अलेक्झांड्रिया यांच्या रीतीनें पाळावा. परिषदेच्या वीस नियमांत हा ठराव आढळत नाहीं. अलेक्झांड्रियाच्या मंडळीस धाडलेल्या पत्रांत आणि सम्राट कॉन्स्टन्टाइन यांच्या पत्रांत तो आढळतो. त्यांतून पुढें कायम झालेला नियम असा: वसंतसंपात २१ मार्च हा धरावा, त्या दिवशीं किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्यावी, तिच्यापुढचा रविवार तो पास्का, पौर्णिमा रविवारींच आली तर सण एक आठवडा पुढें न्यावा.

हें ऐक्य स्तुत्य होतें. परंतु येथें एक दुःखाची गोष्ट न लपवितां सांगितली पाहिजे. सम्राटाच्या त्या पत्रांत यहुद्यांविषयीं अति कठोर शब्द आहेत. त्या लोकांशीं आपलें कांहींही समाईक असूं नये असा त्यांतील सूर आहे. गणित स्वतंत्र करणें ही एक गोष्ट. ज्यांच्या घरांतून आपला सण आला त्यांचा तिरस्कार करणें ही दुसरी. त्या तिरस्काराचें पुढें काय फळ आलें तें थोड्या वेळानें सांगूं; आधीं गणिताची गोष्ट पुरी करूं.

अलेक्झांड्रियाचे बिशप दरवर्षीं पत्र काढून पास्काची तिथि कळवीत. संत अथानासियस यांनीं ३६७ सालीं काढलेल्या अशाच पत्रांत नव्या कराराचे सत्तावीस ग्रंथ नांवानिशीं सांगितलेले आहेत. तिथि कळविण्याच्या निमित्तानें केवढा लाभ झाला पाहा! ५२५ सालीं रोम येथें डायोनिसियस एक्सिगुअस नामक मठवासी संन्याशानें पास्काचीं नवीं कोष्टकें तयार केलीं, आणि त्यांत ख्रिस्तजन्मापासून वर्षें मोजलीं. आज आपण जो सन लिहितों तो या पास्काच्या कोष्टकांतून निघालेला आहे. जेथें हीं कोष्टकें पोंचलीं नव्हतीं तेथें गोंधळ होई. इंग्लंडांतील नॉर्थंब्रिया राज्यांत राजा ऑस्वी एका रीतीनें पास्काचें जेवण जेवीत असे, तेव्हां दुसऱ्या रीतीची राणी अजून झावळ्यांच्या रविवारीं उपवास करीत असे. ६६४ सालीं व्हिटबी येथें सभा भरून रोमची रीत स्वीकारली गेली, तेव्हां ती अडचण मिटली.

या गणितांतही एक सूक्ष्म चूक होती. जुन्या ज्युलियन पंचांगाचें वर्ष खऱ्या वर्षाहून सुमारें अकरा मिनिटांनीं मोठें होतें. अकरा मिनिटें ती काय! परंतु सोळाव्या शतकापर्यंत तीं सांचून दहा दिवस झाले, आणि वसंतसंपात २१ मार्च सोडून ११ मार्चास येऊं लागला. तेव्हां परमगुरु तेरावे ग्रेगरी यांनीं लिलियस या विद्वानाची योजना घेऊन, येशूसंघीय धर्मगुरु क्लाव्हियस आदि गणितज्ञांच्या साह्यानें पंचांग सुधारलें. १५८२ सालीं ४ ऑक्टोबर या दिवसानंतर एकदम १५ ऑक्टोबर धरण्यांत आला. पोर्तुगालनें ही सुधारणा त्याच दिवशीं मान्य केली, आणि त्या काळीं गोवें व वसई पोर्तुगीज अंमलाखालीं असल्यामुळें आपल्या पूर्वजांकडेही हें नवें पंचांग त्यांच्याच मार्फत आलें. जगांतील सर्व कचेऱ्या आज जें कॅलेंडर वापरतात तें प्रथम पास्काचा रविवार नीट यावा म्हणून झालें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांपैकीं बहुतेक पास्कापुरतें अजून जुनें पंचांगच धरतात, म्हणून त्यांचा सण बहुधा आपल्या मागून येतो.

आतां अलीकडचीं दोनतीन वर्षें घेऊन हा नियम पडताळून पाहूं. २०२४ सालीं २५ मार्च रोजीं पौर्णिमा होती, ती होळीची. ती २१ मार्चच्या पुढें असल्यामुळें पुढल्या रविवारीं, ३१ मार्च रोजीं, आपण पास्का पाळला. पण यहुद्यांचें तें वर्ष अधिक मासाचें होतें. त्यांचा वल्हांडण एक महिन्यानें, २२ एप्रिलच्या सायंकाळीं लागला. म्हणजे पास्का हा नेहमीं यहुद्यांच्या वल्हांडणानंतरच येतो ही समजूत बरोबर नाहीं. हल्लीं एकोणीस वर्षांत तीनदां तो महिनाभर आधीं येतो. २०२५ सालीं पास्काची पौर्णिमा १३ एप्रिल रोजीं, रविवारीं आली. म्हणून नियमाप्रमाणें सण २० एप्रिलवर गेला. आपण देवळांत झावळ्या घेऊन फिरत होतों तो यहुद्यांच्या वल्हांडणाचा पहिला दिवस होता. आणि १९८१ सालीं तर १९ एप्रिल रोजीं वल्हांडणाचा पहिला दिवस व आपला पास्का एकाच रविवारीं आले. यहुद्यांपासून निराळें होण्यासाठीं एवढा खटाटोप झाला. परंतु चंद्र एकच, त्यामुळें दोन्ही घरांचे सण पुन्हा पुन्हा एकमेकांच्या दारांत येऊन उभे राहतात.

आतां त्या तिरस्काराच्या फळाविषयीं. मध्ययुगांत युरोपांतील पुष्कळ गांवीं पवित्र सप्ताह हा यहुद्यांस भीतीचा काळ असे. पास्काच्या दिवसांत यहुदी ख्रिस्ती मुलास मारून त्याचें रक्त वल्हांडणाच्या भाकरींत घालतात, अशी एक भयंकर कंडी पिके. ज्यांच्या धर्मशास्त्रानें जनावराचें रक्तही खाण्यास बंदी केली आहे त्यांच्यावर हा आळ! परमगुरु चौथे इनोसंट यांनीं तेराव्या शतकांतच या आरोपाचा निषेध केला होता. तरीही १४७५ सालच्या पवित्र सप्ताहांत इटलींतील ट्रेंट गांवीं सायमन नांवाचें लहान मूल मेलेलें सांपडलें, तेव्हां तेथील यहुद्यांस पकडून, छळ करून त्यांच्याकडून कबुली घेण्यांत आली, आणि त्यांपैकीं पुष्कळांस देहान्त शिक्षा झाली. त्या मुलास लोक हुतात्मा म्हणून पुजूं लागले. ही भक्ति ख्रिस्तसभेनें १९६५ सालीं बंद केली. जी रात्र दास्यांतून सुटण्याची, तीच रात्र दार लावून भीतीनें काढण्याची पाळी ज्यांच्यावर आली, ते आपल्या प्रभूचे, त्याच्या आईचे व बारा प्रेषितांचे जातभाई होते.

हें आम्ही दोष उगाळण्यासाठीं सांगत नाहीं. ख्रिस्तसभेनें स्वतः हें ओळखून मार्ग बदलला, म्हणूनच आम्ही तें उघडपणें सांगूं शकतों. परमगुरु तेविसावे योहान यांनीं १९५९ सालीं गुड फ्रायडेच्या प्रार्थनेंतील यहुद्यांस अपमानकारक वाटणारा शब्द गाळला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं जाहीर केलें कीं, प्रभूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट, किंवा आजच्या यहुद्यांवर लादतां येत नाहीं. १९८६ सालीं परमगुरु दुसरे योहान पौल रोममधील यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरांत स्वतः गेले, आणि त्यांस आपले वडील बंधु म्हणून संबोधिलें.

आपणां मराठी ख्रिस्ती लोकांस तर हे वडील बंधु दूर देशीं शोधावे लागत नाहींत. कोंकणपट्टींत पिढ्यान् पिढ्या बेने इस्राएल लोक राहत आले आहेत. तेलाचे घाणे चालवीत व शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांस शनवार तेली म्हणत. त्यांची घरची भाषा मराठी. मुंबईंत १७९६ सालीं सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. जगांतील इतर यहुद्यांपासून ते दीर्घकाळ तुटून राहिले होते, तरी निसानच्या दिवसांत खमीर वर्ज्य करण्याची आठवण त्यांनीं टाकली नाहीं. वल्हांडणास ते ‘अनाशी ढांकाचा सण’ म्हणत. म्हणजे आंबट कालवणाचें भांडें झांकून ठेवण्याचा सण. ज्या पौर्णिमेनें आपला पास्का ठरतो, तीच पौर्णिमा पाहून कोंकणांतील मराठी घरांत हें भांडें झांकलें जात होतें. १९४८ नंतर त्यांच्यापैकीं बरेच लोक इस्राएल देशांत गेले. परंतु मुंबई, ठाणें व कुलाबा जिल्हा, ज्यास आज रायगड म्हणतात, येथें त्यांचीं घरें व प्रार्थनामंदिरें आजही आहेत.

आतां समारोप करूं. पास्का एखाद्या ठराविक रविवारीं नेमावा कीं काय, हा विचार अलीकडे वारंवार निघतो. इतर ख्रिस्ती मंडळ्यांचीही संमति असेल तर आपली हरकत नाहीं, असें व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं सांगून ठेवलें आहे. १९९७ सालीं आलेप्पो येथें जमलेल्या निरनिराळ्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींनीं दुसरा मार्ग सुचविला: निकेयाचाच नियम ठेवावा, पण संपात व पौर्णिमा जेरुसलेमाच्या रेखांशावरून, आजच्या ज्योतिषशास्त्रानें काढाव्या. २०२५ सालीं, निकेयाच्या परिषदेस सतराशें वर्षें झालीं त्याच वर्षीं, पूर्व व पश्चिम येथील सर्व मंडळ्यांचा पास्का २० एप्रिल या एकाच दिवशीं आला. पुढें काय ठरेल तें आपले धर्मवडील ठरवितील, आणि तें आपण आनंदानें मानूं.

आपल्या हातीं आहे तें एवढेंच. पुढल्या पवित्र सप्ताहांत मुलानें विचारलें कीं, यंदा पास्का आजच कां, तर त्याच्यापुढें नुसतें कॅलेंडर धरूं नये. त्यास अंगणांत नेऊन चंद्र दाखवावा, आणि सांगावें कीं, याच चंद्राखालीं इस्राएल लोक मिसरांतून निघाले, आणि याच चंद्राखालीं आपला प्रभु गेथसेमनी बागेंत प्रार्थना करीत होता. पवित्र शनिवारीं सूर्य मावळल्यावर आपण नवा अग्नि पेटवितों, तेव्हां दिवस सायंकाळीं सुरू करण्याची यहुद्यांचीच रीत पाळतों. आणि त्या जागरणांत इतर वाचनें कमी केलीं तरी इस्राएल लोक समुद्रांतून पार गेल्याचें वाचन कधींच गाळीत नाहींत, हेंही त्यास सांगावें. घरांत किंवा शाळेंत कोणी यहुद्यांस प्रभूचे मारेकरी म्हणालें, तर तेथल्या तेथें, गोड शब्दांत पण निश्चयानें, तें खोडून काढावें. आणि आपल्याच धर्मग्रामांत देवळाच्या वेळेवरून, मिरवणुकीच्या वाटेवरून किंवा सणाच्या मानापानावरून दोन तट पडले, तर अनिसेट व पॉलिकार्प यांची आठवण करावी. त्यांचें मत जुळलें नाहीं. तरीही एकानें दुसऱ्यास वेदीपाशीं नेलें.

योबेलाचें शिंग मोकळीक जाहीर करण्यासाठीं वाजत असे. आपल्या या पन्नासाव्या वर्षीं जुन्या अढींतून व वारशानें आलेल्या द्वेषांतून आपणां सर्वांस मोकळीक मिळो, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.